उंब्रियाला ना समुद्र, ना सरहद्द. मग तिथले लोक जगतात कशावर?

नकाशावाले सर

मंडळी, नमस्कार. जुन्नरजवळच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झालो. धाकटी लेक येत्या सप्टेंबरात इटलीतल्या पेरूजाला भाषा शिकायला चाललीय. तिची आई कपड्यांची यादी करतेय आणि मी नकाशा उघडून बसलोय.

पेरूजा ज्या उंब्रिया प्रांताची राजधानी, तो प्रांत गमतीचा दिसतो. इटलीच्या वीस प्रांतांत समुद्रही नाही आणि परक्या देशाची हद्दही नाही असा हा एकटाच. चहूबाजूंनी तोस्काना, मार्के आणि लात्सियो. सरकारी वर्गीकरणात सुमारे सत्तर टक्के टेकड्या, तीस टक्के डोंगर, आणि मैदानाच्या रकान्यात चक्क शून्य! क्षेत्रफळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून थोडं जास्त, आणि माणसं जेमतेम साडेआठ लाख. पर्यटनवाले त्याला 'इटलीचं हिरवं काळीज' म्हणतात.

मला पडलेला प्रश्न असा की बंदर नाही, मैदान नाही, मग या लोकांची चूल पेटते कशावर? 'ऑलिव्ह, द्राक्षे, तंबाखू, पोलाद, पर्यटन' ही यादी मला मिळालीय. अशा याद्या मी स्वतः फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतल्यात, त्यामुळे त्यांतून काही कळत नाही हेही मला चांगलं माहीत आहे. तिकडे राहणारं कुणी आहे का इथे? खिडकीतून काय दिसतं ते सांगा.

सूतगिरणी

सर, नमस्कार. मी मूळची इचलकरंजीची. लग्न होऊन इकडं आले त्याला बारा वर्षं झाली. पेरूजाच्या पश्चिमेला कोर्चानोच्या हद्दीत राहते आणि एका लहान विणकाम कारखान्यात काम करते. अकराजणी आहोत. तेव्हा मी सांगेन ते अकराजणींच्या उंचीवरून दिसतं तेवढंच.

आधी तुमचं शून्य. ते कागदावर आहे. पेरूजाच्या तटावर उभं राहून आग्नेयेला बघितलं की आसीसीपासून स्पोलेतोपर्यंत लांबच लांब सपाट पट्टा दिसतो. फार पूर्वी तिथं मोठं तळं होतं, मग दलदल झाली, आणि माणसांनी शेकडो वर्षं चर खणून खणून ती निचरली. जुनी गावं उतारावर का, तर हे कारण. आसीसी, स्पेल्लो, त्रेव्ही, सगळी डोंगराच्या कडेवर बसल्यासारखी. खाली चिखल, ताप आणि येणारं-जाणारं सैन्य. आता सगळं उलटं झालंय. वर पर्यटक आणि म्हाताऱ्या बायका, खाली रेल्वे, महामार्ग, गोदामं, कारखाने. फोटो वरच्या गावाचे निघतात, पण माझ्या ओळखीतल्या माणसांचे पगार एकजात खालच्या पट्ट्यात होतात.

दुसरं, ते 'हिरवं'. ऑगस्टात आलात तर फसवलं म्हणाल. इथं पाऊस आपल्या उलट. शरद ऋतूत धो धो, हिवाळ्यात थोडाथोडा, आणि उन्हाळा कोरडा. त्यामुळं डिसेंबरात गव्हाचं रान हिरवंगार असतं आणि जुलैत कापणी होऊन सगळं पिवळं. वर्षभर हिरवं राहतं ते जंगल. जवळजवळ निम्मा प्रांत जंगल आहे. पण ते पूर्वापार तेवढंच होतं असं समजू नका. त्यातलं पुष्कळ माणसं निघून गेल्यावर वाढलंय.

माझी शेजारीण ऐंशीच्या पुढची आहे. तिचा बाप 'मेद्झाद्रो' होता. आपल्याकडं अर्धेलीनं रान करायचे तसंच. जमीन मालकाची, राहतं घर मालकाचं, राबणं सगळ्या घराचं, पीक निम्मं निम्मं. मळणीच्या दिवशी मालकाचा कारभारी वही घेऊन यायचा आणि पोती मोजेपर्यंत खळ्यात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. सणाला कोंबडे आणि मोजून अंडी द्यायची. ती मला सांगत होती, "अंडी आईच मोजायची, कारण बाबांचे हात थरथरायचे." भीतीनं का रागानं, ते तिनं सांगितलं नाही.

ही पद्धत उंब्रियात घट्ट रुजलेली. गावोगाव टेकडीवर एकेकटी दगडी घरं दिसतात ना, ती हौसेनं तशी बांधलेली नाहीत. प्रत्येक वाट्याच्या मधोमध कुटुंब राहावं म्हणून मालकांनी बांधली. एकाच रानात गहू, बांधावर ऑलिव्ह, झाडांवर चढवलेले द्राक्षाचे वेल, कारण घराला सगळंच लागायचं. १९६४ च्या कायद्यानं नवे करार बंद झाले, १९८२ च्या कायद्यानं उरलेसुरले खंडात बदलले. आपल्याकडं कुळकायद्यानं कुळाला जमीन मिळाली. इथं कायदा होईपर्यंत कुळंच घर सोडून चालली होती, कुणी रोमला, कुणी तेर्नीला, कुणी बेल्जियमच्या खाणीत. मागं राहिली घरं ओस पडली, वरची रानं झुडपांनी गिळली. १९८५ साली शेतघरात पाहुणे ठेवायचा कायदा झाला आणि मग त्याच घरांना रंग लागला, पोहण्याचे हौद आले. माझी शेजारीण ज्या खोलीत जन्मली त्या खोलीत आता पाहुणे उतरतात. खाली गोठा होता, त्याची जेवणाची खोली झालीय.

आता माझं काम सांगते, कारण ते तुमच्या यादीत नाही. मी 'रिमाल्यो'च्या मशिनवर बसते. विणलेल्या स्वेटरचं अंग वेगळं येतं, गळा वेगळा येतो. ते शिवायचे नसतात, टाक्याला टाका लावून जोडायचे असतात. मशिनवर आडवी गोल तबकडी, तिच्या कडेनं सुया. एकेका सुईवर गळ्याचा एकेक फासा नजरेनं हेरून चढवायचा. एक जरी सुटला तरी धुण्यात तिथं भोक पडतं आणि नग परत येतो. बारीक काळ्या काश्मिरी लोकरीचं काम असलं की दुपारी तीननंतर डोळ्यांतून पाणी. पांढरा माल आला की आम्ही खूश! माझ्या शेजारची बाई चौसष्टची आहे. तिच्यामागं हे काम शिकायला स्थानिक पोरगी एक नाही. शिकणाऱ्या दोघी, एक मी आणि एक युक्रेनची.

इचलकरंजीत खर्चीवाले असतात बघा. सूत व्यापाऱ्याचं, माग आपला, पैसे मीटरवर. इथं त्यालाच 'फासोन' म्हणतात. धागा मोठ्या नावाचा, मशिन आमच्या मालकिणीचं, पैसे नगावर. पहिल्या दिवशी तिनं हिशोबाची वही उघडली तेव्हा मला वडिलांच्या शेडमध्येच बसल्यासारखं वाटलं, फक्त आवाज कमी. दर वाढवून मागितला की वरून येणारं उत्तरसुद्धा तेच: "परवडत नसंल तर दुसरीकडं देतो." कुठल्या गिऱ्हाइकानं असं म्हटलं ते इथं लिहीत नाही.

लोकर इथली नव्हे, काश्मिरी येते ती मंगोलिया-चीनकडच्या बकऱ्यांची. मग विणकाम पेरूजातच का? त्याचं एक टोक चॉकलेटात आहे. १९०७ मध्ये इथं पेरुजिना कंपनी निघाली, तिच्या स्थापनेत लुईजा स्पान्योली नावाची बाई होती. चॉकलेट करताना हेझलनटचा चुरा उरायचा. तो वापरून तिनं १९२२ मध्ये एक गोळा केला, वर अख्खा दाणा बसवला. आकार आवळलेल्या मुठीसारखा, म्हणून नाव ठेवलं 'काझ्झोत्तो', म्हणजे ठोसा. दुकानात गिऱ्हाइकानं ठोसा मागायचा का, असं म्हणून नाव बदलून 'बाचो' केलं, म्हणजे मुका. तोच आज जगभर विकला जातो. कंपनी १९८८ पासून नेस्लेकडं आहे, कारखाना अजून इथंच, सान सिस्तोला. तर ह्या बाईनं पुढं अंगोरा ससे पाळले, त्यांचे केस कातरायच्याऐवजी विंचरून काढले आणि त्या लोकरीचे कपडे सुरू केले. ती १९३५ मध्ये गेली, धंदा मुलानं वाढवला. विणकाम जाणणाऱ्या बाया ह्या भागात तेव्हापासून तयार होत गेल्या. उद्योजक ब्रुनेल्लो कुचिनेल्लींनी १९७८ मध्ये रंगीत काश्मिरी स्वेटर करायला घेतले आणि १९८५ मध्ये आमच्याच हद्दीतल्या सोलोमेओ गावातला जुना किल्ला घेतला, पुढं बस्तान तिथं हलवलं, पडकं गाव दुरुस्त केलं, तेव्हा हे हात इथं होतेच.

तंबाखूचं एक सांगते आणि उठते, भाकरी टाकायचीय. उत्तरेला चित्ता दी कास्तेल्लोकडं टायबरच्या खोऱ्यात तंबाखूची रानं आहेत. पहिल्यांदा तिकडं गेले तेव्हा डोळे मिटले तर निपाणी! तिथं कोस्पाया नावाचं गाव आहे. तुम्हाला, भूगोलाच्या सरांना, हे आवडंल. १४४० च्या सुमारास, तेव्हा इथं राज्य करणाऱ्या पोपनं आपला एक मुलूख फ्लोरेन्सला गहाण टाकला. हद्द लिहिली 'रिओ' नावाच्या ओढ्यापर्यंत. पण रिओ म्हणजेच ओढा, आणि तिथं रिओ दोन होते. पोपच्या माणसांनी एक धरला, फ्लोरेन्सनं दुसरा. मधली साडेतीनशे हेक्टरसुद्धा नसलेली जमीन कुणाचीच नाही. गावकऱ्यांनी आपण स्वतंत्र म्हणून जाहीर केलं आणि १८२६ पर्यंत तसेच राहिले. ना कर, ना शिपाई. दोन्हीकडं तंबाखूवर बंधनं असताना ह्यांनी तंबाखू पिकवला आणि चैन केली.

तेर्नीचं मला फारसं ठाऊक नाही. तिकडं राहिलेला कुणी असेल तर सांगेल.

तेर्नीचा पाव्हणा

सूतगिरणी ताई, हाक मारलीत म्हणून आलो. मी मूळचा चंद्रपूरचा. यंत्रं बसवायच्या कामावर दोन वर्षं तेर्नीत होतो. दक्षिणेचा हा भाग पर्यटकांच्या पुस्तकात पटकन उरकतात. सर, तुमचा प्रश्न मात्र इथेच सुटतो असं माझं मत आहे.

समुद्र नाही ही अडचण आहे असं तुम्ही धरलंत. १८८४ मध्ये तेर्नीला पोलाद कारखाना काढला तो नेमका समुद्र नाही म्हणून! नवं इटली नौदल उभारत होतं, जहाजांना चिलखती पत्रा हवा होता. तो कारखाना किनाऱ्यावर असता तर शत्रूच्या तोफा पोचल्या असत्या. म्हणून आत डोंगरात. शिवाय स्पोलेतोला लिग्नाइट कोळसा आणि नेरा नदीचं पाणी.

ह्या पाण्याची गोष्ट त्याहून जुनी. रीएतीच्या पठारावर वेलीनो नदीची दलदल होती. इ. स. पू. २७१ मध्ये रोमनांनी कालवा खणून ते पाणी कड्यावरून खाली नेरेत सोडलं. तोच मार्मोरेचा धबधबा, तीन टप्प्यांत १६५ मीटर. जगातले लोक निसर्ग म्हणून फोटो काढतात, आहे मात्र पाटबंधारे खात्याचं काम. आणि तो चालू-बंद होतो. वरून पाणी वीजघराकडे वळवलेलं असतं तेव्हा कड्यावर नुसती ओल. ठरलेल्या वेळी भोंगा वाजतो, मग आधी पांढरी दोरी लोंबावी तसं पाणी येतं, आणि पाच-दहा मिनिटांत बोलणं ऐकू येईनासं होतं. मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायला गेलो तर वेळ चुकली. तिनं विचारलं, "एवढ्या लांब जाऊन हे खडक दाखवतोस व्हय रे?"

रेल्वे स्टेशनच्या बाहेर पडलात की समोर पुतळा नाही, पोलाद दाबून घडवायची एक प्रेस उभी आहे. बारा हजार टनांची, अजस्र. कारखान्यानं वापरून झाल्यावर चौकात आणून ठेवली. माझ्यासारख्याला आसीसीपेक्षा तिथं जास्त वेळ हात जोडून उभं राहावंसं वाटलं. त्याच कारखान्यानं 'त्रिएस्ते' ह्या खोल समुद्रात उतरणाऱ्या यानाचा माणसं बसायचा पोलादी गोळा घडवला. १९५३ मध्ये ते यान तीन हजार मीटरच्या खाली जाऊन आलं. किनारा नसलेल्या प्रांताचं हे समुद्रातलं योगदान.

दुसऱ्या महायुद्धात ह्या कारखान्यापायी शहरावर सारखे बॉम्ब पडले, म्हणून जुनं तेर्नी फारसं उरलं नाही आणि म्हणून पर्यटक थांबत नाहीत. कारखाना अजून आहे, स्टेनलेस स्टील करतो. जर्मन मालकी जाऊन २०२२ मध्ये तो आर्वेदी ह्या इटालियन गटाकडे आला. विजेचा दर वाढला की चहाच्या टपरीवर, म्हणजे तिथल्या बारमध्ये, दुसरा विषय नसतो.

झाडीपट्टी

सर, मी गोंदियाकडचा. प्रश्न तुमचा पण कुतूहल माझं. कुठंतरी वाचलं होतं की इटलीच्या मध्यभागी लाखोळी खातात. आमच्याकडे धानानंतर बांधीत टाकतात ती. तिच्या विक्रीवर महाराष्ट्रात किती वर्षं बंदी होती, आणि तिकडे लोक चवीनं खातात? खरं का हे? ताई, सांगा.

सूतगिरणी

भाऊ, खरं आहे. इथं तिला 'चिचेर्क्या' म्हणतात. दाणा तोच, वेडावाकडा, दगडाच्या चिपेसारखा. रात्रभर भिजवून ते पाणी फेकून देतात, मग सूप करतात. पेरूजाच्या दुकानात छोट्या कापडी पिशवीत, लेबल लावून, मसूरपेक्षा महाग! गरिबाचं खाणं पिशवीत गेलं की भाव बदलतो. (तुमच्याकडं बंदी पायांना लकवा येतो म्हणून होती. इथल्या म्हाताऱ्यांनाही ती भीती ठाऊक आहे. रोज आणि नुसतीच खाऊ नये, असं शेजारीणही म्हणते.)

दुसरी गंमत त्राझिमेनो तळ्याकाठची. तळं १२८ चौरस किलोमीटरचं, पण खोली जास्तीत जास्त सहा मीटरच्या आसपास. मोठी नदी येऊन मिळत नाही, बाहेर पडायला वाट होती ती माणसानं खणलेली. पाऊस कमी झाला की काठ मागं सरकतो आणि होड्यांचे धक्के कोरड्यात उभे. कार्थेजचा सेनापती हानिबल, त्यानं इ. स. पू. २१७ मध्ये रोमनांना ह्याच्याच काठाला धुक्यात गाठलं. तर ह्या काठाची 'फाजोलीना' म्हणून एक शेंग आहे. मोठ्या कौतुकानं मला वाढली. बघते तर चवळी! बारीक, रंगीबेरंगी, पण चवळीच. शेंगा एकदम पिकत नाहीत, म्हणून हातानं रोज थोड्याथोड्या तोडायच्या, मग वाळवून झोडपायच्या. मी म्हटलं, माझी आजी करायची. तर यजमानीणबाईचा चेहरा जरा उतरला.

नकाशावाले सर

वा! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पाव्हण्यांचा धबधबा तर मी नववीला शिकवला असता. ताई, दोन गोष्टी विचारतो. भूकंपाचं काय? लेकीच्या आईनं २०१६ ची बातमी शोधून काढलीय आणि घरात तेवढंच चाललंय. आणि मुलीला म्हणून तिथं पुढं काही काम आहे का, की भाषा शिकून परत?

सूतगिरणी

सर, भूकंप आहे, ते लपवायचं कशाला? ३० ऑक्टोबर २०१६ ला सकाळी ६.५ चा झाला, पूर्वेच्या डोंगरात नोर्चाजवळ. माझ्या घरात कपाटाची दारं उघडली आणि डबे खाली आले, तेवढंच. पेरूजा तिथून लांब आहे. नोर्चातलं संत बेनेदेत्तोचं देऊळ मात्र पडलं, दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. ते पुन्हा बांधून उघडायला नऊ वर्षं लागली. आई म्हणतील तो धोका डोंगराच्या पट्ट्यात जास्त. तरी खोली घेताना इमारत कधीची आणि मजबुतीचं काम झालंय का, एवढं विचारायचं.

नोर्चाच्या वर १,४५२ मीटरवर कास्तेल्लूच्चो आहे. ते गाव जवळजवळ सगळं गेलं. पण खालच्या पठारावर मसूर होतो, साल न काढलेला, आपल्या मसुराच्या निम्मा. भूकंपानं रस्ता तुटलेला, पेरणीची वेळ आलेली. पुढच्या वसंतात शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरांची रांग लावून वर नेली आणि पेरलं. जून-जुलैत त्या शेतात पॉपी आणि निळी रानफुलं उमलतात, हजारो गाड्या येतात. फुलं म्हणजे तण, सर. तणनाशक न मारल्यामुळं उरलेलं. लोक तण बघायला येतात आणि जाताना मसूर घेऊन जातात. नोर्चाचं डुकराचं मांस तर एवढं नावाजलेलं की इटालियनमध्ये खाटकाच्या त्या दुकानालाच 'नोर्चिनेरिया' म्हणतात.

कामाचं खरं सांगायचं तर पोरं जातात. रोमला, मिलानला, बाहेर. इथली मिळकत इटलीच्या सरासरीच्या खाली आहे. २०२१ ते २०२७ च्या युरोपीय निधीत उंब्रिया 'संक्रमणातल्या' प्रदेशांत मोडतो, म्हणजे पूर्वी वर होता तो घसरला. फ्लोरेन्सहून रोमला जाणारी वेगवान रेल्वे ओर्व्हिएतोच्या पायथ्यानं निघून जाते, पेरूजा बाजूलाच. लेकीला भाषेबरोबर हिशोब, नाहीतर निर्यातीचं कागदकाम येत असेल तर खालच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत विचारावं. माझ्यासारखं सुईवर फासे चढवायचे असतील तर उद्या या म्हणतील, पण डोळ्यांचं बघा.

सामानाचं आईंना सांगा. चाकाची मोठी बॅग नको. स्टेशन खाली, जुनं शहर वर. मध्ये 'मिनिमेट्रो', केबलनं ओढलेले इवलेसे डबे, २००८ पासून आहेत. दुसऱ्या बाजूनं पोपच्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने. ते एका गाडल्या गेलेल्या गल्लीतून वर जातात, आजूबाजूला जुन्या घरांच्या भिंती, दारं. पोपनं १५४० मध्ये मिठावरचा कर वाढवला, शहर उठलं, हरलं, आणि पोपनं बंडखोरांची घरं खाली दाबून वर किल्ला बांधला. इथला पाव अजून अळणी आहे तो त्या रागानं, असं सगळे सांगतात. मला पटत नाही, कारण शेजारच्या तोस्कानातही अळणीच आहे.

पावाची चिंता नको. इथं 'तोर्ता अल तेस्तो' मिळते. कणकेची जाड भाकरीच, तव्यावर भाजलेली. तो तवा, तेस्तो, शनिवारच्या बाजारात स्वस्त मिळतो, म्हणून तवा पाठवू नका. पोळपाट-लाटणं पाठवा. आणि गोडा मसाला दोन डबे. एक माझा.